पलीकडच्या बाजूचा दोर

१

आमच्याकडे दुपारी चारला चहा होतो आणि चहाला माणसं असतात. दादाभाऊ आणि गोकुळभाऊ, दोघंही यांच्याबरोबर आयुष्यभर ट्रक चालवलेले. निवृत्त ड्रायव्हर म्हटलेलं दादाभाऊंना खपत नाही. म्हणतात, "निवृत्त न्हाई वैनी, गाडी फकस्त साइडला लावलीय."

यांची गाडी साइडलासुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी ती भंगारात गेली. यंदा आषाढात यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढतो, शब्द तोंडात घोळतात. तेव्हापासून यांची कॉट मी रस्त्याकडच्या खोलीत टाकली. ही खोली पूर्वी गाडीच्या सामानाची होती. खुंट्यांवर अजून दोरांची वेटोळी लटकतात, माळ्यावर ताडपत्रीची घडी आहे. खिडकीतून पेठचा जुना रस्ता दिसतो. नवा रस्ता झाल्यापासून इकडून एसटी आणि मोटारसायकली सोडल्या तर फारसं कोणी जात नाही, पण यांना खिडकी लागते.

मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हातात जी काही हालचाल यायची ती सहा महिन्यांत येईल. पुढं मग आशा धरू नका. मी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सोळा सोमवारांचं व्रत धरलं. उद्यापनाला भीमाशंकरला जाईन म्हणून बोलले. आणि महादेवाकडे एकच मागितलं, हा हात हलू दे. चालणं नको, बोलणं नको. स्वतःच्या हातानं घास खाता आला नाही की माणूस आतून विझतो, ते मी रोज बघत होते.

म्हणून चारची वेळ मला फार प्रिय. त्या वेळेपुरते हे पुन्हा पूर्वीचे होतात.

त्या दिवशी विषय हौदा धुण्याचा निघाला होता. ट्रकमध्ये मागं जिथं माल भरतात तो हौदा.

"माझ्या हौद्यात पंगत बसवली असती तर पत्रावळी लागल्या नसत्या," दादाभाऊ म्हणाले. "फळ्यांना डिझेलचं फडकं मारायचो. आरशावाणी चमकायच्या."

"आरसा म्हणं!" गोकुळभाऊंनी बशी खाली ठेवली. "नारायणगावचा टमाटा उतरवला की आठ दिस वास जात नव्हता तुझ्या आरशाचा. माशा पार मुंबईपतूर सोबतीला."

"एकदाच झालं व्हतं ते."

"व्हय, पर माशांनी बिऱ्हाडच केलं."

हे हसले. झटक्यापासून यांचं हसू तोंडाच्या एकाच बाजूला येतं. मग डाव्या हाताची बोटं मोजत, सावकाश, प्रत्येक शब्द जुळवत म्हणाले, "धुवायचं. भरायचं. बांधायचं. मंग ताडपत्री. चारच कामं."

"चारच," दोघं एकदम म्हणाले, आरतीला साथ दिल्यासारखे.

निघताना गोकुळभाऊंनी अंगणातली माझी धुण्याची दोरी ताणून पुन्हा बांधली. येताजाता करतातच ते. ढिला दोर दिसला की त्यांचे हात आपोआप पुढं होतात. दोरी इतकी ताणतात की दुसऱ्या दिवशी मला टाचा उंचावून लुगडी टाकावी लागतात.

२

नववा सोमवार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीतून दळण घेऊन आले. बाराचा सुमार होता. खोलीच्या दारात आले आणि पाय थबकला.

फरशी ओली होती. मी पुसते तशी गोल गोल नाही. खिडकीच्या भिंतीपासून दारापर्यंत लांबच लांब, सरळ हात मारलेले. आणि खोलीभर डिझेलचा वास.

"अहो, चिमाबाई येऊन गेली का?"

"न्हाई."

"मग फरशी कोणी पुसली?"

"धुवायला लागतं न," हे खिडकीकडे बघत म्हणाले.

चिमाबाई शेजारची. कधीमधी झाडलोट करून देते. तिला विचारलं तर म्हणाली, "मी सकाळपासनं बटाटे काढाया व्हते की वो. माझी कंबर धड असती तर स्वतःच्या घराची पुसली असती." चारला मी गोकुळभाऊंकडे संशयानं पाहिलं. त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "वैनी, मी फरशी पुसली असं आमच्या मालकिणीला नुसतं सांगा, ती उद्यापास्नं मला फडकंच देईल."

सगळे हसले, मीही हसले. कोणीतरी जुनं डिझेलचं फडकं आणून यांची गंमत केली असेल, असं मनाशी ठरवलं. माळ्यावर जुनी बाटली असेल, सांडली असेल. मनाला पटवायला कारणं कमी नसतात.

पण संध्याकाळी दिवा लावताना वाकले आणि पाहिलं, तर कॉटखालीसुद्धा पुसलेलं होतं. अगदी भिंतीच्या कडेपर्यंत. तिथं पुसायचं तर माणसाला पोटावर आडवं व्हावं लागतं.

३

अकराव्या सोमवारी मी महादेवाच्या देवळातून आले. ओंजळीत बेल होता. खोलीत गेले तर कोपऱ्यातली माझी लोखंडी पेटी खिडकीखाली भिंतीला लावलेली. तिच्यावर गोधड्यांचं गाठोडं. आणि त्या दोन्हींवरून दोर टाकून खिडकीच्या गजाला बांधलेला.

ती गाठ मी लग्न झाल्यापासून बघत आले आहे. दोराचा फास करायचा, त्यातून दुसरा पदर काढायचा आणि अंगाचं वजन टाकून खाली ओढायचं. एका हातानं फास धरावा लागतो, दुसऱ्यानं ओढावं लागतं. एका हाताचं ते काम नव्हे.

बेल खाली पडला.

"तुम्ही बांधलंत?" मी विचारलं. "अहो, तुम्ही?"

हे दमल्यासारखे दिसत होते. कपाळावर घाम होता. "धरलं मी," म्हणाले.

धरलं! मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. थंड होता, जड होता, पण मला त्या वेळी काही दिसत नव्हतं. माझा देव भोळा आहे, भक्ताला फार ताटकळत ठेवत नाही, असं म्हणत मी रडले. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. त्या गाठीला हळद लावली, कुंकू लावलं, खाली पडलेल्या बेलाचं एक पान वर ठेवलं आणि पेटीसमोर निरांजन ओवाळलं. या, म्हणाले मी. कोणाला म्हणाले ते माहीत नाही. माझ्या मनात हाताची शक्ती होती. ती परत आली म्हणून मी तिचं स्वागत करत होते.

त्या दिवशी मला उपासाचं काही वाटलं नाही.

४

चारला दोघं आले तेव्हा मी त्यांना चहाआधी पेटीपाशी नेलं.

"आता बोला," मी म्हणाले. "कोण म्हणतं हात गेला?"

गोकुळभाऊंनी टाळीच वाजवली. "कुंडलिक, लेका! दातानं वढलीस का काय?"

"दात वाटीत हायेत," हे म्हणाले. खरंच कवळी वाटीत होती. पुन्हा हशा झाला.

दादाभाऊ हसले नाहीत. ते वाकले आणि त्यांनी दोरावर तळहात मारला. बांधलेल्या मालाचा दोर असाच तपासतात. ढिला असला तर नुसता फट असा आवाज येतो, कडक असला तर वाजतो. हा वाजला. खोलीत तो आवाज जरा जास्तच वेळ राहिला. मग दादाभाऊंनी चष्मा वर करून गाठ जवळून पाहिली, बोटानं तिचा पीळ चाचपला.

"ही डावरी हाय," ते म्हणाले.

"मंग?" गोकुळभाऊ म्हणाले. "उजवा पडलाय, म्हंजी डाव्यानंच बांधणार की राव."

"डाव्यानं बांधली म्हणून गाठ डावरी व्हत न्हाई, गोकुळ. सवय बदलत न्हाई. तू आंधळा झालास तरी तुझी गाठ तुझीच राहणार." दादाभाऊंनी कुंकू लागलेलं बोट धोतराला पुसलं. पुन्हा पुसलं. "डावरी गाठ आपल्यात एकाचीच व्हती."

त्या एकाचं नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. भागू. यांचा जोडीदार. एकाच गाडीवर दोघं आळीपाळीनं चालवायचे, बारा वर्षं. डावखुरा होता, म्हणून पंगतीत तो नेहमी टोकाला बसायचा, शेजाऱ्याला कोपर लागू नये म्हणून. एका खेपेहून हे एकटे परत आले. भागूचं काय झालं ते मला अर्धवटच कळलं. माल उतरवताना अंगावर आला, एवढंच. गाडी घरी आल्यावर यांनी ती तीन दिवस धुतली. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. त्या खेपेची गोष्ट चारच्या चहाला कधीच निघत नाही. निघायला लागली की कोणीतरी पावसापाण्याचं बोलतं.

दादाभाऊंनी चहा अर्धाच घेतला. चपला घालताना मला हळूच म्हणाले, "वैनी, ती गाठ सोडायला जाऊ नका. कापू तर बिलकूल नका."

"का हो?"

"ज्यानं बांधली त्यानंच सोडायची असती. आमच्यातली रीत हाय."

"मग हेच सोडतील की."

ते माझ्याकडे बघत राहिले. लहान मुलाकडे बघावं तसे. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. निरोप आला की गुडघा धरलाय.

५

हाताला व्यायाम द्यायला मंचरहून रिद्धी येते, आठवड्यातून दोनदा. बाजारपेठेतल्या गुलाबबाईंची नात. मोठी गुणी मुलगी आहे. तिला मी गाठ दाखवली, पण भागूचं सांगितलं नाही. तिनं यांच्या उजव्या हाताला टाचणी टोचली, बोटं वळवून पाहिली, कोपरावर ठोकलं. मग खाली मान घालून सामान आवरत म्हणाली, "काकू, मी खोटं नाही बोलणार. हातात काही नाही."

"पण गाठ..."

"या गाठीला दोन हात लागतात ना? मग काकांनी नाही बांधली." तिनं यांचा डावा तळवा उलटा केला. "हे बघितलंत का?"

तळव्यावर आडवा लाल वळ होता. कातडी सोललेली. दोर सर्रकन निसटला की पडतो तसा.

"काकांनी काहीतरी धरलं होतं," रिद्धी म्हणाली. "आणि पलीकडून कोणीतरी ओढलं."

गोकुळभाऊ अजून येत होते. त्यांना मी ओट्यावर गाठून विचारलं, "भाऊ, माल बांधायला माणसं किती लागतात?"

"दोन. येक ह्या अंगाला, येक त्या अंगाला. हिकडनं दोर वरनं फेकायचा, तिकडच्यानं धरायचा, वढायचा." आपल्या विषयावर आले म्हणून ते खुलले. "मधी माल आसतोय न वैनी. येकमेकाचं तोंड दिसत न्हाई. नुसता आवाज. ह्यो म्हणणार 'आला', त्यो म्हणणार 'धरला'. तेवढ्यावर सगळा इस्वास."

मी मान हलवली आणि चहाची भांडी घेऊन आत गेले. विसळताना माझ्या लक्षात आलं, गेले कितीतरी दिवस दुपारी स्वयंपाकघरात असताना मला यांचा आवाज ऐकू येतो. मध्येच, एकच शब्द. मला वाटायचं, झोपेत बोलतात.

नळ बंद करून मी कान दिला.

"धरला," हे आतून म्हणाले.

धावत गेले. खोलीत हे एकटे होते. कपडे ठेवायचं पत्र्याचं कपाट आता पेटीशेजारी होतं, आणि दोर त्याच्या माथ्यावरून पलीकडे उतरला होता. कपाट भिंतीला इतकं टेकलेलं की मागं माझा हात जाईना.

६

मी खोलीत बसून राहायला लागले. हातात जपमाळ, समोर हे. मी असले की काही होत नसे. पण देवाला फूल काढायला अंगणात जावं, उतू जाणारं दूध खाली घ्यावं, एवढ्यात काहीतरी हललेलं असायचं. औषधांचं टेबल, पाण्याचं पिंप, शिवणयंत्र. सगळं खिडकीकडच्या भिंतीला, जड वस्तू खाली, हलक्या वर, मधली फट गोधडीनं भरलेली. कोणी केलं ते सोडून दिलं तर काम सुरेख होतं. आणि ते कॉटच्या बाजूला सरकत होतं.

खुंट्या एकेक रिकाम्या होत होत्या.

दिवाळी अशी गेली. चाकणची माझी लेक आरती भाऊबीजेला आली. म्हणाली, "आई, खोली अशी का भरलीस? बाबांना हवा कुठून येणार?" मी म्हणाले, साफसफाई काढलीय. लेकीशी खोटं बोलले. दिवसभर ती घरात होती, तर दिवसभर काही झालं नाही. तिचा पाय दाराबाहेर पडला आणि मागं आवाज आला, फरशीवरून लोखंड सरकल्याचा.

चौदाव्या सोमवारी मी विळा घेतला. आधी नखांनी सोडवून पाहिलं होतं. दोन नखं गेली, गाठ केसभर हलली नाही. रीत असेल ड्रायव्हरांची, मी काही ड्रायव्हर नाही. कपाटावरच्या दोराला विळ्याची धार टेकवली.

"कापू नको!"

आवाज इतका स्वच्छ होता की मी मागं वळून कोण आलं ते पाहिलं. हेच होते. चार महिन्यांत पहिल्यांदा एक अक्षरही घोळलं नव्हतं.

"कापू नको. सुटला की कुणाच्या तरी अंगावर जाईल."

"कोणाच्या? तिथं कोणी नाहीये."

"मलाबी तसंच वाटलं व्हतं," हे म्हणाले.

मी विळा खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसले. "त्या खेपेला काय झालं होतं? आता तरी सांगा."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. एक एसटी गेली. मग म्हणाले, "माझी बाजू ढिली व्हती. बांधताना त्यानं पलीकडनं इचारलं, कडक हाय का. मी म्हणलं, हाय. उतरवताना तिकडं कुणी न्हाई असं वाटलं, दोर सोडला." आणि रडले. एकाच बाजूनं रडतात आता, हसतात तसेच.

आणि मी अशी की त्याही क्षणी माझ्या मनात आलं, वाचा आली. देवानं निदान वाचा तरी दिली.

७

यांना इथून हलवायचं मी ठरवलं. आरतीला फोन केला, बुधवारी गाडी पाठव, महिनाभर तुझ्याकडे येतो. ती खूश झाली. कॉटवरून उचलायला मी गोकुळभाऊंना सकाळीच बोलावलं. खोली बघून त्यांचा चेहरा उतरला, पण आले. मैत्रीला पक्का माणूस.

"चल रं कुंडलिक, लेकीकडं पुरणपोळी खायला," म्हणत त्यांनी यांच्या पाठीखाली हात घातला. उचललं. हे उठले नाहीत. कॉटच उचलली गेली, आणि तीही बोटभरच.

मी पांघरूण काढलं.

दोर छातीवरून गेला होता, मांड्यांवरून गेला होता, पोटऱ्यांवरून गेला होता. कॉटच्या पाइपांतून ओवून कपाटाकडे. रात्री मी स्वतः पांघरूण घातलं होतं, तेव्हा काही नव्हतं. सकाळी चहा पाजला, तेव्हाही नव्हतं. हे शांत डोळ्यांनी आढ्याकडे बघत होते, दाढी करून घेणारा माणूस बघतो तसे.

"अगं आई," गोकुळभाऊ म्हणाले.

छातीवरचा दोर जरा सैल होता. एवढाच. मांड्यांवरचा, पोटऱ्यांवरचा रुतला होता, पण छातीवरच्यात दोन बोटं जात होती. तेवढ्यानं माझ्या जिवात जीव आला. तिथून ओढून यांना बाहेर काढता येईल असं मला दिसलं. मी सांगायला तोंड उघडलं.

आणि गोकुळभाऊंचे हात पुढं झाले. एका हातात फास, दुसऱ्यात पदर, पाय कॉटच्या पायाला लावून अंग मागं टाकलं. खर्रकन दोर आवळला. वरून त्यांनी तळहात मारला. वाजला.

"कडक," ते म्हणाले.

मग त्यांना कळलं.

ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. माझ्याकडे बघायची हिंमत त्यांना झाली नाही. "वैनी, ढिला दिसला वो," एवढंच म्हणाले. "म्या काय इचार केला न्हाई. ढिला दिसला." घाईघाईनं गाठ सोडायला गेले. त्यांचीच गाठ, त्यांच्याच हातची, पण ती सुटेना. वाकून पाहिलं तर पीळ डावा होता.

दारातून बाहेर पडताना ते उंबऱ्याला अडखळले. अंगणात माझी धुण्याची दोरी लोंबत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी पुन्हा विळा आणला. छातीवरच्या दोराला धार टेकवली की यांचा श्वास थांबायचा. काढली की सुरू व्हायचा. तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा धीर झाला नाही. आरतीला कळवलं, या आठवड्यात नको, बाबांना बरं वाटत नाही.

"आई, तू पण ना," ती म्हणाली.

८

सोळावा सोमवारही झाला. रिद्धी आली नाही. फोनवर म्हणाली, मागच्या खेपेला खोलीच्या दारातच तिला गुदमरल्यासारखं झालं होतं, दुसरं कोणी पाठवते. कोणी आलं नाही. यांना मी चमच्यानं पेज भरवते, दोरांच्या मधून अंग पुसून घेते. हे काही मागत नाहीत. विचारलं, दुखतं का, तर म्हणतात, "कडक हाय. हलायचं न्हाई आता." त्यांच्या आवाजात एक समाधान आहे, मला ते सहन होत नाही.

उद्यापनाला भीमाशंकरला जायचं होतं. यांना सोडून जाणं शक्य नव्हतं. घरीच करायचं ठरवलं. देव काही एका डोंगरावर बसलेला नसतो, असं मीच मला समजावलं. सतराव्या सोमवारी कणकेचा चूर्मा केला, तूप-गूळ घातलं, पूजा मांडली. तिथं बसून मी पुन्हा तेच मागितलं. दुसरं काही सुचलंच नाही. यांना सोडव, असं मागायचं होतं. तोंडातून सवयीचं आलं. हात हलू दे.

दुपारचे बारा वाजले होते. बाहेर कार्तिकातलं लख्ख ऊन. चूर्म्याची वाटी घेऊन मी खोलीकडे वळले तर आत अंधार. खिडकीवर काहीतरी आलं होतं, बाहेरून नव्हे, आतून. जाड, तेलकट, मेणाचा वास असलेलं. ते कपाटावरून, पेटीवरून, पिंपावरून उतरत कॉटच्या पायथ्याशी आलं होतं. ताडपत्री. चौथं काम.

यांचा चेहरा आणि छाती अजून उघडी होती. दाराच्या उजेडात मला दिसलं, यांचा उजवा हात हलत होता.

बोटं नाही. अख्खा हात. गादीवरून वर आला, सावकाश, कोपरातून वाकला, खांद्याच्या वर गेला, हवेत थांबला. मग खाली आला. पुन्हा वर गेला. पाच महिने ओंडक्यासारखा पडलेला हात.

"अहो!" मी ओरडले. "हात! तुमचा हात!"

यांनी मान वळवली. यांचे डोळे इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते, झटका आला त्या दिवशीही नाही.

"मी न्हाई हलवत," हे म्हणाले.

तेव्हा मनगट दिसलं. सदऱ्याच्या बाहीखालून दोर निघाला होता. तो ताणलेला, कपाटाच्या माथ्यावरून पलीकडे गेलेला. तो पलीकडून ओढला की हात वर येत होता, सोडला की खाली जात होता. ओढून, सोडून, पुन्हा ओढून. किती ढील आहे ते कोणीतरी बघत होतं. आणि कपाटाच्या कडेला, भिंतीत आणि पत्र्यात जिथं माझा हात गेला नव्हता, तिथून एक कोपर बाहेर आलेलं होतं. खाकी बाही. दंडापर्यंत दुमडलेली आणि ओलीचिंब, नुकतंच काहीतरी धुऊन आल्यासारखी. दर ओढीला ते आत जायचं, दर सोडीला बाहेर यायचं.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही. वाटी हातातच होती. तूप थिजलं होतं. यांचा हात वर गेला, खाली आला. तळवा उघडा होता. चालत जाऊन मी कॉटच्या कडेवर बसले, आणि हात खाली आला तेव्हा त्यात चूर्म्याचा घास ठेवला. बोटं मीच मिटली.

"मी न्हाई गं हलवत," हे रडत म्हणाले. "ह्यो मी न्हाई."

हात वर गेला. घास घेऊन, यांच्या तोंडापर्यंत.

"असू द्या," मी म्हणाले. "हलतोय ना."